नाशिकच्या टेकड्यांसाठी पहिली माउंटन बाइक: हार्डटेल घ्यावी की फुल सस्पेन्शन?

रविवारी सकाळी गिरणाऱ्याला चहासाठी थांबलं की एखादा नवा मुलगा सायकलभोवती चक्कर मारतो, मागच्या चाकाकडे वाकून बघतो आणि विचारतो, "काका, मागं शॉकअप नाही? मग दगडातनं कशी चालते?" प्रश्न रास्त आहे. साठ-सत्तर हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंतचा निर्णय या एका प्रश्नावर ठरतो आणि चहा संपेपर्यंत त्याचं उत्तर पुरं होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी नावं समजून घेऊ. हार्डटेल म्हणजे पुढच्या चाकाला शॉकअप (सायकलवाले त्याला फोर्क म्हणतात) आणि मागचं चाक थेट फ्रेममध्ये बसवलेलं. फुल सस्पेन्शनमध्ये फ्रेमचेच दोन भाग असतात. मागचा भाग बेअरिंगच्या सांध्यांवर वरखाली होतो आणि दोन्ही भागांच्या मधे एक शॉक बसवलेला असतो. या सांध्यांना पिव्हट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं मत आधीच सांगतो. ही तुमची पहिलीच माउंटन बाइक असेल आणि सायकलवर दीड लाखापेक्षा कमी खर्च करणार असाल, तर हार्डटेल घ्या. नाशिकच्या आसपासच्या वाटांवर तिचं काही अडत नाही. फुल सस्पेन्शन कुणी घ्यावी, तेही पुढे सांगतो, कारण काहींसाठी तीच योग्य आहे.

पहिली पायरी: येत्या वर्षात कुठे चालवणार ते कागदावर लिहा

"सगळीकडे" असं लिहू नका. गावांची नावं लिहा. नाशिकची जमीन एकसारखी नाही आणि सायकल जमिनीला साजेशी हवी.

गंगापूर धरणाच्या पाणलोटाच्या कडेनं, गंगावऱ्हे-सावरगावच्या बाजूला, मुरुमाचे रस्ते, शेतातल्या पाणंदी आणि मधेमधे उघडे कातळ लागतात. चढ-उतार आहेत, पण अंगावर येणारे नाहीत. रामशेजच्या पायथ्याशी आशेवाडीच्या बाजूला वाट अरुंद होते आणि सुटे दगड वाढतात. त्र्यंबक-अंजनेरीकडे पाऊस भरपूर, त्यामुळे वाटा ओहोळांनी खणलेल्या असतात. सप्टेंबरनंतर पाणी ओसरलं की तिथे नुसते गोटे उरतात. पूर्वेला निफाडकडे जमीन सपाट आणि काळी. कोरड्या दिवसांत ती गुळगुळीत असते, पावसात मात्र तिथे सायकल नेऊच नये.

दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक गोष्ट बघायला मिळते. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचे ट्रॅक्टर सारखे ये-जा करतात. त्याच दिवसांत परतीचा पाऊस झाला तर त्यांच्या चाकोऱ्या खोल उमटतात आणि वाळल्यावर विटेसारख्या कडक होतात. अशा चाकोरीत पुढचं चाक अडकलं की माणूस पडतो आणि तिथे मागचा शॉक काही कामाचा नाही. नजर पुढे ठेवून चाक चाकोरीच्या बाहेर काढता आलं पाहिजे, तेवढाच उपाय.

तुमच्या कागदावर बहुतेक मुरूम, पाणंदी, धरणाकाठ आणि अधूनमधून एखादी टेकडी आली, तर मागच्या शॉकची गरज नाही. दर आठवड्याला सुट्या दगडांचे, पायऱ्यापायऱ्यांचे लांब उतार आले, तर विचार करावा लागेल.

दुसरी पायरी: मागचा शॉक नक्की काय करतो

धक्के कमी बसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याहून मोठं काम वेगळं आहे. मागचं चाक दगडावरून उडत नाही, जमिनीला चिकटून राहतं. चाक जमिनीवर असलं तरच ब्रेक लागतो आणि पायडलची ताकद खाली पोचते. म्हणून खडबडीत उतारावर फुल सस्पेन्शन जास्त ताब्यात राहते आणि खडबडीत चढावरही मागचं चाक कमी घसरतं.

त्याची किंमतही मोजावी लागते. शॉक, सांधे आणि जास्तीची फ्रेम मिळून साधारण दीड-दोन किलो वजन वाढतं. गुळगुळीत चढावर उभं राहून पायडल मारलं की शॉक दबतो-उठतो आणि ताकदीचा काही भाग त्यातच जातो. चांगल्या शॉकला हे थांबवायला लॉकचा खटका असतो. स्वस्त शॉकला बहुधा तोही नसतो.

"चढाला हार्डटेलच लागते" असं ठामपणे सांगणारे भेटतील. ते अर्धंच खरं आहे. माउंटन बायकिंग १९९६ साली अटलांटाला ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा हार्डटेलचाच जमाना होता. २०१२ साली लंडनला चेक प्रजासत्ताकच्या यारोस्लाव्ह कुल्हावीनं फुल सस्पेन्शनवर सुवर्णपदक जिंकलं. पण ती सायकल हलकी होती, महागडी होती आणि तिच्यामागे स्वतंत्र मेकॅनिक होता. आपल्या बजेटमधली फुल सस्पेन्शन वेगळी असते आणि फरक तिथेच पडतो.

शॉकची हालचाल मिलिमीटरमध्ये मोजतात, तिला ट्रॅव्हल म्हणतात. १०० ते १२० मिलिमीटर म्हणजे क्रॉस कंट्री (लांब अंतर, चढ-उतार), १२० ते १५० म्हणजे ट्रेल (दगडी वाटा), त्यापुढे एन्ड्युरो आणि डाउनहिल (जोरकस उतार). नाशिकच्या नवशिक्याला १०० ते १२० मिलिमीटरचा चांगला फोर्क पुरतो. १६० मिलिमीटरची सायकल धरणाकाठच्या मुरुमावर चालवणं म्हणजे गादीवर पळण्यासारखं आहे. दम लागतो, अंतर कापलं जात नाही.

तिसरी पायरी: पैसे आणि वेळ, दोन्हींचा हिशेब

समान किमतीत तुलना करा. ऐंशी हजारांची हार्डटेल आणि ऐंशी हजारांची फुल सस्पेन्शन शेजारी ठेवा. दुसरीत मागच्या शॉकचे आणि सांध्यांचे पैसे कुठून आले? ब्रेकमधून, फोर्कमधून, चाकांमधून. ब्रेक नेमका वाचवू नये अशा जागी वाचवलेला असतो.

आणि वीस-पंचवीस हजारांत "डबल शॉकअप" म्हणून मिळणाऱ्या सायकली तर टाळाच. मी सुरुवातीला अशीच एक घेतली होती. मागे नुसती जाड स्प्रिंग, आत तेल नाही, रिबाउंड (दबलेल्या स्प्रिंगची परत उसळी) धरायला काही नाही. एक खड्डा आला की ती तीन वेळा उसळायची. दुसऱ्या महिन्यात मुख्य पिव्हटचा बोल्ट ढिला पडला आणि एका उतारावर मागचं चाक बाजूला झोल खाऊ लागलं. दहा किलोमीटर हातात धरून आणली. दुकानात बोल्ट आवळून मिळाला, पण सांध्यातल्या प्लास्टिकच्या बुशची (कड्याची) झीज कशी भरून निघणार? त्या पैशांत साधी, भक्कम, हायड्रॉलिक ब्रेकची हार्डटेल आली असती.

आता वेळ. हवेच्या फोर्कला खालच्या नळ्यांचं तेल आणि सील (धूळ अडवणारी रबरी कडी) बघण्याची सर्व्हिस साधारण ५० तासांनी सांगितलेली असते. मागच्या शॉकच्या एअर कॅनचंही (हवेच्या डब्याचंही) तसंच. आठवड्याला अडीच तासांच्या दोन फेऱ्या केल्या तर ५० तास दहा आठवड्यांत भरतात. फुल सस्पेन्शनला फोर्क अधिक शॉक अधिक सांध्यांची बेअरिंग. आपल्याकडची बारीक धूळ आणि पावसातला चिखल सीलला फार त्रास देतात, म्हणून ही सर्व्हिस पुढे ढकलून चालत नाही. सायकल घेण्याआधी दुकानदाराला थेट विचारा: "शॉक उघडून सर्व्हिस तुम्ही इथे करता की बाहेर पाठवता? किती दिवस लागतात, किती पैसे?" उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच समजा.

बजेटमधून पंधरा-वीस टक्के आधीच बाजूला काढा. हेल्मेट, हातमोजे, पंप, दोन ट्यूब, मल्टिटूल आणि गुडघ्याचे पॅड त्यातून घ्यायचे. हेल्मेटशिवाय पहिली फेरीही नाही.

चौथी पायरी: दुकानात हार्डटेल बघताना

रंग आणि गिअरची संख्या शेवटी बघा. २१ गिअर, २७ गिअर हे आकडे आता फार अर्थाचे नाहीत. पुढे एकच चकती आणि मागे ९ ते १२ गिअरची मोठी कॅसेट (चकत्यांचा गठ्ठा) ही मांडणी डोंगरात सोपी पडते. चेन कमी उतरते, डाव्या हाताचं काम कमी होतं. मागची सगळ्यात मोठी चकती ४२ दातांची किंवा त्याहून मोठी असेल, तर चढाला हात देते.

पहिली नजर फोर्कवर. कॉइलचा की हवेचा, हे विचारा. कॉइलमध्ये स्प्रिंग असते आणि ती सहसा एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी असते. हवेच्या फोर्कमध्ये तुमच्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. पन्नास किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या काकांना एकच कॉइल कशी पुरणार? फोर्कच्या चकचकीत आतल्या नळ्या, म्हणजे स्टँचिअन, किती जाड आहेत तेही बघा. २८ मिलिमीटरच्या नळ्या हलक्या वापरासाठी असतात, ३० किंवा ३२ च्या बऱ्या. मग हँडलवर छाती टेकून फोर्क पूर्ण दाबा आणि पटकन सोडा. तो खटकन उसळून वर आला तर रिबाउंड आवरणारं आत काही नाही. सावकाश, एका दमात वर आला तर आत तेल काम करतंय.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क हवेत, केबलवाले नकोत. एका बोटानं लिव्हर ओढून बघा. रामशेजच्या उतारावरून खाली येताना चार बोटांनी ब्रेक दाबावा लागला तर हँडल धरायला काय उरलं?

फ्रेममध्ये दोन गोष्टी विचारा. मागचं-पुढचं चाक जाड आरपार एक्सलवर (थ्रू अ‍ॅक्सल) बसतं का आणि फोर्कची मान खाली जाड होत गेलेली, म्हणजे टेपर्ड आहे का. दोन्ही असतील तर दोन वर्षांनी चांगला फोर्क, चांगली चाकं त्याच फ्रेमला लावता येतात. हार्डटेल वाढवत नेता येते, तो तिचा मोठा गुण आहे. फक्त १०० मिलिमीटरच्या फ्रेमला १४० चा फोर्क लावू नका. मान उंचावते, सायकलचा तोल बिघडतो आणि फ्रेमवर नको तिथे ताण येतो.

चाक २९ इंची की साडेसत्तावीस, यावर वाद घालत बसू नका. उंची साधारण साडेपाच फुटांच्या आसपास किंवा जास्त असेल तर २९, कमी असेल तर दोन्हीवर बसून बघा. फ्रेमची मापं प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून "मिडियम चालेल" एवढ्यावर घेऊ नका. सायकलवर उभं राहिलात की वरची दांडी आणि तुमच्यात चार बोटांची मोकळी जागा हवी.

जुनी फुल सस्पेन्शन मिळत असेल तर

हा मोह मोठा असतो. तीन-चार वर्षं जुनी चांगली ट्रेल सायकल नव्या हार्डटेलच्या भावात दिसते. तिचे सांधे आणि शॉक तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

सायकल उभी धरा. सीटच्या मागच्या टोकाला हात लावा आणि अगदी हळू, चाक जमिनीवरून उचललं जाईल न जाईल इतपत, वर ओढा. पुन्हा सोडा. पुन्हा ओढा. हाताला बारीकशी "टक" जाणवली तर सांध्याचं बेअरिंग किंवा शॉकचं बुश झिजलंय. दुसरा हात प्रत्येक सांध्यावर ठेवून पाहा, कुठला टकटकतो ते बोटाला लगेच कळतं. मग मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. चाकाबरोबर मागची अख्खी फ्रेम हलत असेल तर सायकल तिथेच ठेवा.

शॉकच्या आतल्या नळीवर नख फिरवा. ओरखडा नखाला अडकला तर सील फाटत राहणार. नळीवर तेलाचं बारीक कडं दिसलं तर सर्व्हिसचे पैसे किमतीतून वजा करा. त्या मॉडेलची बेअरिंग आणि फ्रेमचा हँगर (गिअर जिथे लटकतो तो तुकडा) बाजारात मिळतो का, हे सौद्याआधी शोधा. हँगर आपल्या दगडांत हमखास वाकतो. एक जादा हँगर पिशवीत असावा.

फुल सस्पेन्शन कुणी घ्यावी? दोन लाखांच्या पुढे खर्चायची तयारी असलेल्यानं. वर्षभर हार्डटेल चालवून उतारांची खरी गोडी लागलेल्यानं. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या दगडी वाटांवर आठवड्याला दोन-तीनदा जाणाऱ्यानं. आणि कंबर-पाठीचा जुना त्रास असलेल्यानं, पण त्यानं आधी डॉक्टरांना विचारावं आणि सीटची उंची नीट लावून घ्यावी. पाठदुखीचं कारण पुष्कळदा शॉक नसून चुकीची सीट असते.

पाचवी पायरी: टायरमधली हवा, फुकटचं सस्पेन्शन

इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण नव्वद टक्के नवशिक्यांची हार्डटेल याच कारणानं त्यांना दणके देणारी वाटते.

नाशिकमध्ये सायकलिंगची आवड बहुतेकांना डांबरी रस्त्यावरून लागली आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर तर घराघरांत सायकल आली. पण हायवेची सवय अशी की टायर टणक हवा. तीच सवय घेऊन माणूस मुरुमावर येतो, टायरमध्ये ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतो आणि म्हणतो, "मागं शॉकअप पाहिजेच होता."

२.२५ इंची टायर, आत ट्यूब आणि माणूस सत्तर किलोचा असेल तर मागे ३० पीएसआयच्या आसपास आणि पुढे दोन-तीन कमी, इथून सुरू करा. ट्यूबलेस केलं तर मागे २५ च्या जवळपासही चालतं. टायरच्या कडेला छापलेली किमान हवा तेवढी बघून घ्या. प्रत्येक फेरीला दोन पीएसआय कमी-जास्त करून वहीत लिहा. मागची रिम दगडाला लागल्याचा "ठक्क" आवाज आला तर दोननं वाढवा. टायर जमिनीचा आकार धरायला लागला की मागच्या चाकातून येणारे बारीक हादरे निम्मे होतात, असा माझा अनुभव आहे.

ट्यूबलेसचा दुसरा फायदा बाभळीचे काटे. आपल्याकडे पाणंदीच्या दोन्ही कडांना बाभूळ असते आणि कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. आत सीलंट (छिद्र बुजवणारा पातळ चीक) असेल तर काट्याचं छिद्र आपोआप बुजतं. सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी बघा. टायरला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसत नाही. पितळी अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतो, तो व्हॉल्वलाच लावून ठेवा.

फोर्कची हवा शॉक पंपानं भरायची, साध्या पंपानं नाही. पाण्याची बाटली, बॅग, बूट, सगळं अंगावर घेऊन सायकलवर बसा आणि कुणाला तरी सायकल धरायला सांगा. नळीवरचं रबरी कडं खाली सरकवा, अलगद उतरा आणि कडं किती वर गेलं ते मोजा. १२० मिलिमीटरच्या फोर्कला २४ मिलिमीटर म्हणजे २० टक्के, हे बरोबर. तुमच्या वजनानं फोर्क जेवढा दबतो, त्याला सॅग म्हणतात. मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के लागतो. शॉकची दांडी ५० मिलिमीटर सरकत असेल तर साडेबारा ते पंधरा.

पहिले दोन महिने कुठे जायचं

पहिल्या चार फेऱ्या धरणाकाठच्या मुरुमावर. सीट खाली करून, पायडल समपातळीत ठेवून, गुडघे आणि कोपर सैल सोडून उभ्यानं उतरायचा सराव करा. हार्डटेलवर गुडघे हाच मागचा शॉक असतो. मागचं चाक कुठल्या दगडावर आपटलं हे थेट पायाला कळतं आणि पुढच्या वेळी डोळा आपोआप दगडांतनं दुसरी वाट शोधतो. ही नजर बसल्यावर मग आशेवाडीकडे वळा.

काही जागी सायकल घालायची नाही. पांडवलेणी आणि चामर लेणीच्या पायऱ्या चालणाऱ्यांसाठी आहेत. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिआ अंजनेरिका नावाची दुर्मीळ वनस्पती उगवते, तिच्यावरून चाक गेलं तर ती उपटून टाकल्यासारखंच आहे. वनखात्याची परवानगी लागते तिथे ती घ्या आणि नवी वाट कधीच पाडू नका. शेताच्या बांधावरून जायचं असेल तर उतरा, मालक दिसला तर "दादा, जाऊ का इकडनं?" म्हणून विचारा. मला आजवर फार क्वचित नाही म्हटलंय, उलट हंगामात घडाभर द्राक्षं हातात पडली आहेत.

उसाच्या पट्ट्यात उजाडायच्या आधी एकट्यानं जाऊ नका, बिबट्याचा वावर असतो.

आणि पावसात काळ्या मातीत शिरू नका. शंभर मीटरमध्ये टायर आणि फ्रेमच्या मधली जागा गच्च भरते, चाक फिरायचं थांबतं आणि मातीचा गोळा ओढत नेला तर हँगर मोडतो. अडकलातच तर थांबा, सायकल उचलून कडेच्या गवतावर आणा आणि काडीनं चेनपासून सुरुवात करून माती काढा. घरी पोचल्यावर पाणी हलक्या धारेनं मारा, मोटरसायकल धुण्याचं प्रेशर वॉशर बेअरिंगवर आणि फोर्कच्या सीलवर धरू नका. पुसून झालं की फोर्कच्या नळ्या कोरड्या फडक्यानं पुन्हा एकदा पुसा, चेनला दोन थेंब तेल लावा आणि पहिल्या तीन फेऱ्यांनंतर हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), क्रँक (पायडलचा दांडा) आणि असतील तर पिव्हटचे सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) तपासून घ्या.